घरटी एक नळी रक्त

माझ्या धाकट्या भावाच्या नावावर मी माझं रक्त देऊन आलो. सांगलीच्या दवाखान्यात, उपाशी पोटी, बाही वर करून, त्याची फाईल मांडीवर घेऊन. पूर्ण शुद्धीत होतो, कुणी गळ घातली नव्हती. नळ्या घेऊन आलेल्या पोरीनं नाव विचारलं तेव्हा भावाचं नाव इतकं खणखणीत सांगितलं, की शेजारच्या बाकावर डुलक्या घेणारा म्हातारा दचकून उठला आणि माझ्याकडं रागानं बघायला लागला. मीही त्याच्याकडं तसंच बघितलं. तेव्हा मी कुणाचं उधार ठेवत नसे.

त्या सकाळी यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही, कारण आमच्याकडची रीतच तशी. कुंडलच्या आसपास लग्नाचं आवतण येतं ते ‘घरटी एक’ म्हणून. मातीला, दहाव्याला, साखरपुड्याला घरातलं एक माणूस गेलं की घर गेलं. कारखान्याच्या सभेत भावाच्या वाटणीचा हात मीच वर केलेला आहे. तो सीमेवर होता तेव्हा त्याच्यासाठी मुलगी बघायला मीच गेलो, पोहे मीच खाल्ले आणि पसंतीही मीच कळवली. ती मुलगी, म्हणजे माझी भावजय, अजून माझ्याकडं बघते ती मी तिला फसवून आणल्यासारखी. तर एवढं सगळं भावाच्या वतीनं केलेल्या माणसाला नळीभर रक्ताचं काय विशेष? एका आईच्या पोटचे आम्ही. त्याच्यातलं काय आणि माझ्यातलं काय.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. लोणंदच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवून मी निवृत्त झालो आणि गावाकडं उसात येऊन राहिलो. आल्या वर्षातच बांधावरून शेजाऱ्याशी, पाण्याच्या पाळीवरून पाटकऱ्याशी आणि कशावरून ते आता आठवत नाही, पण पोस्टमनशी वैर धरलं. मला वाटायचं, आपण सडेतोड आहोत. बायकोचं मत वेगळं होतं. “चा नसला तरी चालतोय तुमाला,” ती म्हणायची, “पण तोंड धुवायच्या आदी भांडण लागतंय.”

भाऊ सैन्यातून हवालदार होऊन परत आला. आमचं अंगण एक, चुली दोन. आला तेव्हा ठीक होता. पहाटे धावायला जायचा, उसाला खत टाकायचा, माझ्या भांडणात माझ्या बाजूनं नुसता उभा राहायचा, तेवढ्यानं समोरचा नरम पडायचा. मग हळूहळू त्याचं धावणं थांबलं, मग रानात जाणं, मग बोलणं, शेवटी दाढी करणं. खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायचा. जेवण समोर ठेवलं तर दोन घास खायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही. भावजय त्याला औंधला यमाईच्या दर्शनाला घेऊन गेली, तर हा अर्ध्या पायऱ्या चढून बसला आणि ती एकटीच वर जाऊन आली.

मी त्याच्यावर मायेनं पांघरूण घातलं असेल असं कुणाला वाटत असेल, तर तसं नाही. मी रोज त्याच्या खाटेजवळ जाऊन त्याला टोचायचो. “पेन्शन चालू झाली म्हंजे झोपायचं लायसन मिळालं काय रं?” असं एकदा म्हणालो, तेव्हा त्यानं न वळता हाताला लागलेला तांब्या मागं भिरकावला. तो माझ्या कानाजवळून जाऊन दाराच्या चौकटीवर आपटला. तांब्याला पोचा पडला. बायको अजून मला त्यातच पाणी देते.

शेवटी भावजयीनंच सांगलीच्या मनाच्या डॉक्टरचा पत्ता काढला. मी आधी कडाडून विरोध केला, आणि ती ऐकत नाही म्हटल्यावर त्या मोहिमेचा सेनापती झालो.

डॉक्टर म्हणजे माझी विद्यार्थिनी शोभेल अशी एक तरुण बाई होती. तिनं भावाला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मी एकेक सोडवत गेलो. झोप कशी लागते? “डाराडूर,” मी म्हणालो. मन कशात रमतं का? “खाटेत.”

“काका, प्रश्न त्यांना आहेत.”

“त्याला बोलायला येत नाही.”

“येतं. तुम्ही थांबलात तर ऐकूपण येईल.”

मी थांबलो. मग भाऊ जमिनीकडं बघत म्हणाला, “सकाळी उटतो तवा छातीवर कुणीतरी बसल्यावानी वाटतंय. त्याला हाकलायचं म्हंजे दिवस जातुया. बाकी काय करायला ताकद न्हाई ऱ्हात.” आमच्या घरात हे कुणीच ऐकलेलं नव्हतं. भावजय पदरानं नाक पुसायला लागली. मी पंख्याकडं बघितलं.

डिप्रेशन आहे, बाई म्हणाली. गोळ्या लिहून दिल्या. मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. त्या दवाखान्यात एक अभ्यास चालू होता, ज्याची इच्छा असेल त्यानं त्यात भाग घ्यायचा. माणूस फार काळ ताणाखाली राहिला की त्याची जनुकं बदलत नाहीत, पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसतात. त्या खुणांवरून ठरतं, कुठल्या जनुकानं काम करायचं आणि कुठल्यानं गप्प बसायचं. रोगाशी लढणाऱ्या जनुकांवरच्या खुणा विस्कटल्या तर शरीर जखम नसतानाही लढत बसतं, आतल्या आत दाह चालू राहतो. उदास झालेल्या काही माणसांच्या रक्तात असं दिसलंय. आधी काय आणि नंतर काय, दाहानं उदासी आली की उदासीनं दाह, हे अजून नक्की माहीत नाही, म्हणून तर अभ्यास.

मी खुर्चीत पुढं सरकलो. “म्हणजे उसाच्या पाटासारखं. सऱ्या त्याच, पाणी तेच, पण कुठलं दार उघडं ठेवलंय आणि कुठलं चिखलानं बंद केलंय, त्यावर कुठली सरी भिजणार ते ठरतं. आणि ह्याचं एक दार उघडंच राहिलंय, रान सडायला लागलंय.”

“जवळपास,” बाई म्हणाली.

ते ‘जवळपास’ मी पदकासारखं छातीवर लावलं. परतीच्या एसटीत शेजारच्या माणसाला सगळं समजावून सांगितलं. तो पलूसला उतरायचा होता, पण अलीकडंच उतरून गेला.

बाईनं आणखी एक सांगितलं होतं, ते मात्र इथं मुद्दाम लिहितो. ती म्हणाली होती, “एका आईची मुलं असली, अगदी जुळी असली तरी या खुणा ज्याच्या त्याच्या. कोण कसं जगलं त्यावर.” मी मान डोलावली होती. समजलं म्हणून डोलावली होती. जिल्ह्यात ज्या मोजक्या लोकांना ही गोष्ट कुणी समोर बसवून समजावून सांगितली असेल, त्यांतला मी एक. आणि मीच हे केलं.

भावानं अभ्यासाच्या कागदावर सही केली. रक्त द्यायला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, काही न खाता यायचं होतं. त्या सकाळी मी फाईल काखोटीला मारून त्याच्या खाटेशी उभा राहिलो. भावजय धारा काढायला गोठ्यात गेली होती.

“ऊठ रं. गाडी चुकंल.”

भिंतीकडचं तोंड भिंतीकडंच.

“बाईला शब्द दिलाय आपण.”

“तू दिलायस.”

“सही तुझी हाय.”

“मग तूच जा की. लय हौस हाय तुला.”

मी रागानं पाय आपटत निघालो. रस्त्यापर्यंत रागात होतो. एसटीत बसल्यावर मात्र विचार केला, की बरोबर आहे, घरटी एक. पुढचं सगळं मला सोपं वाटलं. दोघांच्या चेहऱ्याची ठेवण एकच, केस दोघांचे सारखेच गेलेले. रक्त घेणारी पोरगी नवीन होती आणि तिच्यापुढं रांग होती. तिनं रक्ताआधी काही विचारलं. सर्दीताप? नाही. पोटात कधी अल्सर, रक्ताची उलटी? “दगड पचवतो,” मी म्हणालो, कारण मी खरोखरच पचवतो.

भावाला पोस्टिंगवर असताना रक्ताची उलटी झाली होती, लष्करी दवाखान्यात पडून होता. आईला कळू नये म्हणून फक्त मला सांगितलेलं, तेही शपथ घालून. तेव्हा त्याचं लग्नही व्हायचं होतं, त्यामुळं पुढं भावजयीलाही कळलं नाही. आईला जाऊन आता बराच काळ लोटला. पण त्या खुर्चीत बसल्यावर ती उलटी मला आठवलीसुद्धा नाही.

घरी येऊन सांगितलं, रक्ताचं काम झालं. भावजयीला वाटलं, दवाखान्याची पोरगी घरी येऊन घेऊन गेली असेल, ती गोठ्यात असताना. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. भावानं काही विचारलं नाही, त्या दिवसांत तो काहीच विचारत नसे.

काही दिवसांनी डॉक्टरबाईचा फोन माझ्या मोबाईलवर आला. “खुणांची तपासणी पुढं कधीतरी, सगळ्यांची एकत्र होईल, त्यातून एकेकट्याला उत्तर मिळणार नाही,” ती म्हणाली. “पण साधी तपासणी केलीय, त्यात तुमच्या भावाच्या रक्तातला दाह बराच वाढलेला दिसतोय. अशा लोकांना आम्ही नेहमीच्या गोळीबरोबर दाह कमी करणारी आणखी एक गोळी देऊन बघतोय. त्यांना घेऊन या.”

मी अंगणात उभा होतो. “तुमचं मशीन बिघडलं असंल,” मी म्हणालो.

“मशीन ठीक आहे.”

“तपासणारा शिकाऊ असंल.”

“काका, त्यांना घेऊन या,” बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

दाह बराच वाढलेला. कुणाचा, ते मला एकट्यालाच माहीत होतं. मी आधी नाडी बघितली, मग जीभ आरशात बघितली, मग मशीन बनवणाऱ्या कंपनीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. भावजयीला सांगितलं, ऊसतोडीची टोळी येणार आहे, मला हलता येत नाही, तुम्ही दोघं जाऊन या. टोळी यायला अजून महिना होता.

ते दोघं संध्याकाळी परतले. भाऊ पुढं चालत होता. हे मला आधी दिसलं, कारण तो कुणाच्याही पुढं चालल्याला फार दिवस झाले होते. तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“आण्णा, रक्तात निघालं,” तो म्हणाला. “तू आळशी म्हणत हुतास न्हवं? रक्तात हाय. बाईनं सोता सांगटलं.”

त्यानं आत जाऊन दाढीचं सामान शोधून काढलं, खिडकीला आरसा टांगला आणि अंगणात उभा राहून दाढी केली. भावजय पाणी तापवत होती आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती. “काय जणांस्नी वाटत हुतं, नाटकं करतोय मानूस. पेन्शन खाऊन लोळतोय. आता बोला म्हनावं.” जणांस्नी म्हणजे मला. दुसऱ्या दिवशी माझा बांधाचा वैरी शेजारी भावाला भेटायला आला आणि माझ्याच अंगणात बसून चहा प्याला. जाताना माझ्याकडं बघून म्हणाला, “मास्तर, रक्ताचंच निघालं म्हणं. तुमी आपलं उगंच त्याला बोलत हुता.” मला त्याच्या टाळक्यात पोच्याचा तांब्या घालावासा वाटला.

माझ्या बायकोकडून मला आणखी एक कळलं. भावजयीनं तिला सांगितलं होतं, की बाईनं गोळी देताना भावाला पोटाबद्दल परत विचारलं, कारण त्या गोळीनं जुना अल्सर परत वाहायला लागू शकतो. भावानं मान हलवली होती, काही नाही म्हणून. म्हणजे त्याला स्वतःची उलटी आठवत होती आणि त्यानं ती लपवली. का लपवली ते मला कळत होतं. इतके दिवस मी त्याला आळशी, ऐतखाऊ म्हणत आलो होतो, आणि त्या गोळ्या म्हणजे तो तसा नाही याचा दाखला होता. तो दाखला हातचा जाऊ नये म्हणून त्यानं पोट पणाला लावलं.

या नव्या गोळ्या सोमवारपासून जेवणानंतर घ्यायच्या होत्या. मी बोललो तर दाखला जाणार, नाही बोललो तर पोट जाणार. शहाण्या माणसानं काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी सोमवारी सकाळी भावजयीच्या स्वैपाकघरात शिरलो, फडताळातलं गोळ्यांचं पाकीट उचललं आणि गोठ्यातल्या पेंडीच्या रिकाम्या पोत्यात लपवलं.

दुपारी जेवणं झाली. भाऊ ओट्यावर बसला होता, दाढी केलेला. भावजय बाहेर आली ती तांब्या घेऊन, पण तळहात रिकामा.

“आण्णा, गोळ्या कुटं हायत?”

“कुठल्या गोळ्या?”

“आवं, सकाळी माज्या सैपाकघरातनं तुमीच भाईर आलासा.”

“मीठ बघायला आलो हुतो.”

“मीठ तुमच्याकडं डबाभर हाय. गोळ्या द्या.”

“अमावास्या झाल्यावर चालू करू म्हणतो.”

आयुष्यभर पोरांना चंद्राच्या कला शिकवलेला माणूस मी. भावजयीनं तांब्या खाली ठेवला. “तुमाला बघवंना व्हय, ह्यो बरा हुतोय ते? टोचायला कुनी उरंना म्हनून?”

माझी बायको आमच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. ती माझ्या बाजूनं बोलेल असं मला उगाच वाटलं. “द्या म्हनती न्हवं, तर द्या,” ती म्हणाली.

मग मी सांगितलं. “त्या त्याच्या गोळ्या न्हाईत. रक्त माझं हुतं.”

कुणाला काहीच कळलं नाही. मला पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि सांगताना ते एसटीत वाटलं होतं तेवढं सोपं वाटेना. “त्योच म्हणाला तूच जा म्हणून,” मी शेवटी म्हणालो, “मी गेलो.”

भावजय माझ्याकडं वळली. “ह्यो तुमाला रोज ‘मर’ बी म्हनतोय,” ती म्हणाली. “ते का न्हाई ऐकलंसा कवा?”

भाऊ उठला होता. मी त्याला पोटाचं सांगायला लागलो, पण त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. “म्हंजे माझ्या रक्तात काय न्हाई,” तो म्हणाला.

“तसं न्हवं रं.”

“आळशीच की मग. तू म्हणतुयास तसं.”

“आरं, तुझं रक्त अजून कुणी बघितलंच न्हाई.”

त्यानं ऐकलं नाही. आत गेला आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला. तांब्या वाटेतच होता. त्यानं तो उचलला नाही. उचलून मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

“ह्येला आता तुमीच उटवायचा,” भावजय मला म्हणाली, “आनि बाईच्या म्होरं न्यायचा. मी न्हाई येनार तुमच्यासंगं.” ती नंतर आली, तो भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत त्याच खाटेशी उभा. हुकूम द्यायची सोय राहिली नव्हती. समजावलं, तर त्यानं पांघरूण डोक्यावर घेतलं. माफी मागायची म्हटलं, तर मला सवय नसल्यानं तेही भांडल्यासारखं ऐकू आलं. मग मला एकच सुचलं.

“बाई मला लय झापणार हाय,” मी म्हणालो. “तुला बघायचं न्हाई?”

पांघरूण हललं नाही. मी जायला वळलो.

“तोंडावर झापणार?” आतून आवाज आला.

“तोंडावर. तुझ्या म्होरं.”

थोड्या वेळानं त्यानं पाय खाली सोडले.

बाईनं त्याची निराशा केली नाही. मी बोलत असताना तिनं पेन खाली ठेवलं, आणि माझं संपल्यावर दार लावून घेतलं. “तुम्ही शिक्षक होता ना?” ती म्हणाली. “एका मुलाचा पेपर दुसऱ्यानं लिहिला तर काय करायचात तुम्ही? आणि इथं पेपर नव्हता. ह्यांना मी ती गोळी तुमच्या रक्तावर दिली. पोट कसं आहे ते आधी तुमच्या तोंडून ऐकलं, मग ह्यांनीही नुसती मान हलवली. काही झालं असतं तर ह्यांना रक्ताची उलटी होऊन तुम्ही ह्याच दारात आणलं असतं, आणि मग मला काय सांगितलं असतं? घरटी एक?” ते मीच तिला बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. भाऊ खुर्चीत ताठ बसून ऐकत होता. सिनेमा बघावा तसा.

मी त्याच्या पोस्टिंगवरच्या उलटीचं सांगितलं तेव्हा मात्र तो माझ्याकडं वळला. “शपथ मोडलीस.”

“आई न्हाई आता.”

“शपथ हाय की.”

बाईनं ती गोळी बंद केली. अभ्यासातून भावाचं नाव निघणार, माझी नळी टाकून देणार, उपचार आहे तसा चालू राहणार, असं तिनं सांगितलं. नळीचं ऐकून मला जरा वाईट वाटलं. विज्ञानात माझी तेवढीच भर पडायची होती. भाऊ मात्र उठायला तयार नव्हता. तो गुडघ्यावर हात ठेवून बसला होता, आणि ज्याच्यासाठी तो एवढ्या लांब आला होता ते त्यानं आता विचारलं.

“मग मला काय झालंय? रक्तात तर न्हाई.”

बाईनं खुर्ची त्याच्याकडं वळवली. “तुमचं रक्त आज घेऊ. त्यात दाह वाढलेला असेल किंवा नसेल. डिप्रेशन असलेल्या काहींच्यात असतो, बऱ्याच जणांच्यात नसतो. जनुकांवरच्या खुणांचंही तसंच. खूप माणसांचं रक्त एकत्र बघितलं की फरक दिसतो. एका माणसाची नळी बघून तो उदास आहे का नाही, हे आज कुणालाच सांगता येत नाही. तुमचा आजार मी रक्तावरून ठरवलाच नव्हता. पहिल्या दिवशी तुम्ही छातीवर कुणी बसतं म्हणालात ना, तिथंच ठरला होता.”

“म्हंजे हाय.”

“आहे.”

“आळस न्हाई.”

“नाही.”

त्यानं मान हलवली आणि भावजयीकडं बघितलं. ती आमच्या मागं बसली होती. तिनं त्याच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात जे होतं ते मी इथं लिहीत नाही.

मी उठलो. बाई म्हणाली, “काका, बसा. तो वाढलेला दाह कुणाचा होता?”

“दाढ दुखतीय माझी. मिश्री लावून हिरड्या गेल्यात.”

“असू शकेल. दाढ दाखवून घ्या. झोप लागते?”

“डाराडूर.”

“न्हाई लागत,” भाऊ म्हणाला. “तांबडं फुटायच्या आदी अंगणात फिरतोय. पोस्टमनला शिव्या घालत.”

“प्रश्न मला हाय,” मी म्हणालो.

“मग खरं सांग की.”

“चिडचिड होते?” बाईनं विचारलं.

“मी सडेतोड आहे.”

तिनं काहीतरी लिहून घेतलं. “शेवटचा आनंद कधी झाला होता, आठवतं?”

मी विचार करायला लागलो. मला वाटलं होतं, पटकन सापडेल. लोणंद आठवलं, शाळा आठवली, गावी आल्यापासूनची सगळी भांडणं ओळीनं आठवली. बाईला घाई नव्हती.

“बांधाची मोजणी ह्याच्या बाजूनं लागली तवा,” भाऊच म्हणाला शेवटी. “तवाबी दुपारी रडत हुता. मी खाटेवरनं बगितलंय.”

“कांदा चिरत होतो,” मी म्हणालो. “लोणंदचा होता, झोंबतो.”

“चिरायला कांदा कुटं हुता?” मागून भावजय म्हणाली.

बाईनं मला काही झालंय असं म्हटलं नाही. काही माणसांचं मन रडत नाही, भांडत सुटतं, एवढं म्हणाली, आणि तुमचं तसंच आहे असं मी आज म्हणत नाही, असंही. रक्त परत बघू, दाढ बघू, आणि पुढच्या आठवड्यात एकटे या. “बोलायला,” ती म्हणाली. “इथं दुसऱ्याची उत्तरं द्यायची सोय नसेल.” मी तिला सांगितलं, मला वेळ नाही, ऊसतोडीची टोळी येणार आहे. भावजय मागं खोकली.

रक्त घ्यायच्या खोलीत तीच पोरगी होती. आधी भावाचं घेतलं. त्यानं दुसरीकडं बघत हात पुढं केला, पट्टी दाबून धरून बाकावर जाऊन बसला. मग मी खुर्चीत बसलो, बाही वर केली. पोरीनं नळीला चिठ्ठी लावली आणि मला नाव विचारलं.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाकावरून भाऊ म्हणाला, “ताई, त्याला इचारू नगासा. आधार कार्ड बगा.”